साथीच्या काळातील पक्षाघात : शिरूर-दौंडकरांनी आधीच करून ठेवावयाची तजवीज

साथीच्या रोगाचा उपद्रव ज्यांना त्याची बाधा होते त्यांच्यापुरता कधीच मर्यादित राहत नाही. ज्यांच्या अंगी त्या रोगाचा अंशही नाही असे हृद्रोगी, अडलेल्या बाळंतिणी, सर्पदंश झालेले शेतमजूर आणि पक्षाघाताचे रुग्ण यांच्याही दैवाचा फेरा ती साथ रुग्णालयाच्या दारात उलटा फिरवू शकते. यांपैकी पक्षाघात, ज्याला आपल्या भागात लकवा मारणे किंवा अंगावरून वारे जाणे म्हणतात, हा असा विकार आहे की त्याचा निकाल दिवसांत नव्हे, तर तासांत आणि पुष्कळदा मिनिटांत लागतो. म्हणून साथीमुळे होणारा विलंब इतर अनेक व्याधींत जेथे केवळ गैरसोय ठरतो, तेथे पक्षाघातात तो जन्मभराचे पंगुत्व ठरतो. साथ आली म्हणून रुग्णालये बंद पडत नाहीत, पण घराच्या उंबरठ्यापासून उपचाराच्या सुईपर्यंतची वाट मात्र लांबते. ती वाट आखूड करण्याचे सामर्थ्य रुग्णालयापेक्षा कुटुंबाच्या हाती अधिक आहे, आणि ते साथ येण्यापूर्वीच कसे वापरावे हे शिरूर व दौंड तालुक्यांतील वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२०२० सालचा धडा

महाराष्ट्रातील पहिले करोनाबाधित रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले व त्यांना नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. त्यानंतरच्या पंधरवड्यात १८९७ चा साथरोग कायदा राज्यात लागू झाला, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, २३ मार्चला संचारबंदीचा हुकूम निघून जिल्ह्यांच्या सरहद्दी बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. ज्या प्लेगच्या बंदोबस्तासाठी तो कायदा मूळ झाला, त्या प्लेगच्याच वेळी पुण्यात दुष्काळग्रस्त मुलींना ठेवून घेण्यास अटकाव झाल्यामुळे पंडिता रमाबाईंना त्यांची सोय दौंड तालुक्यातील केडगाव येथे करावी लागली होती. साथीच्या दिवसांत शहराची दारे बाहेरच्या माणसाला अरुंद होतात, हा अनुभव या मुलखाला सव्वाशे वर्षांचा आहे.

त्यात आपल्या दोन्ही तालुक्यांच्या मुख्य गावांची जागा अशी की, सरहद्दीवरील निर्बंधाचा ताण त्यांच्यावर प्रथम पडतो. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, दौंड भीमेच्या काठी, आणि दोन्ही ठिकाणी नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. पारनेर व श्रीगोंदा तालुक्यांतील कितीतरी गावांचा बाजार, शाळा आणि दवाखाना हा व्यवहार शिरूर-दौंडशी जडलेला असल्यामुळे, नकाशावरची रेघ एरवी कोणाच्या ध्यानातही नसते. पण नाकेबंदी झाली की तीच रेघ वैद्यकीय वाहनालाही काही काळ थांबवते, कारण आजारी माणसाला सूट आहे असे हुकुमात लिहिलेले असले, तरी नाक्यावरील शिपायाने गाडी थांबवून चौकशी करणे हेही त्याच हुकुमाचे अंग असते. शिवाय अनेक गावांनी आपण होऊन वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले. दौंडमधील राज्य राखीव पोलीस दलाचे काही जवान मुंबईच्या बंदोबस्तावरून परतल्यावर बाधित आढळले, तेव्हा भीतीने शहरातही ठाण मांडले. पुण्याकडे रोज ये-जा करणाऱ्या दौंडकरांची शटल गाडी बंद, एस.टी. बंद, अशा स्थितीत ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याच्यापुढे पुण्याचे रुग्णालय हे केवळ अंतराने नव्हे, तर धैर्यानेही दूर गेले.

याचा परिणाम काय झाला, हे जगाच्या अनुभवावरून स्पष्ट दिसते. ७० देशांतील ४५७ पक्षाघात-केंद्रांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा साथीच्या पहिल्या चार महिन्यांत, म्हणजे मार्च ते जून २०२० मध्ये, पक्षाघातासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या त्याआधीच्या चार महिन्यांच्या मानाने ११.५ टक्क्यांनी आणि गुठळी विरघळवणारे औषध मिळालेल्यांची संख्या १३.२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या चार महिन्यांत माणसांच्या रक्तवाहिन्या एकाएकी निरोगी झाल्या, असे मानण्यास अर्थातच काही आधार नाही. लोक घरी राहिले, सौम्य झटका अंगावर काढला किंवा उशिरा निघाले, हाच त्या घटीचा सरळ अर्थ आहे. विषाणूची बाधा रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवते हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे धोका वाढला असताना दाखल होणारे मात्र कमी झाले.

साथीत रुग्णालयात काय बदलते

रुग्णालयाच्या आतील फेरफार आधीच ठाऊक असले, तर दारात गेल्यावर वाद, संताप व गोंधळ यांत वेळ जात नाही. पहिला बदल खाटांचा. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेऊन त्यांचे दर मुक्रर केले. पुण्यात ससून रुग्णालयाची अकरा मजली नवी इमारत करोना रुग्णांसाठी राखली गेली आणि ऑगस्टमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभे राहिले. या व्यवस्थेवाचून गत्यंतर नव्हते, परंतु तिच्यामुळे नेहमीचे रुग्णालय नेहमीच्या रोग्याला मिळेलच अशी शाश्वती उरली नाही. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर अतिदक्षता विभागातील एका खाटेसाठी नातेवाइकांनी रात्रभर फोन फिरवले, हे कोणी विसरलेले नाही.

दुसरा बदल प्रवेशाच्या पद्धतीचा. पक्षाघाताचा रुग्ण स्वतः बोलू शकत नाही, खोकला-ताप होता की नाही हे सांगू शकत नाही. म्हणून तो बाधित असू शकतो असे धरूनच डॉक्टर व परिचारिका संरक्षक पोशाख चढवतात, रुग्णाच्या तोंडाला मास्क लावतात, स्वॅब घेतात आणि पुष्कळ ठिकाणी डोक्याच्या सी.टी. स्कॅनबरोबर छातीचाही स्कॅन करून घेतात. एका रुग्णानंतर यंत्राची खोली निर्जंतुक करावी लागते, तेथे काही मिनिटे जातात. येथे वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. स्वॅबचा अहवाल येईपर्यंत पक्षाघाताचा उपचार थांबवून ठेवावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक नाही. उलट, अहवालाची वाट न पाहता, संशयित म्हणून काळजी घेत, गुठळीचे औषध देता येते आणि बाधित रुग्णालाही ते देता येते. कोणी अहवालाचे कारण सांगून खोळंबा करीत असेल, तर नम्रपणे, पण ठामपणे, ‘स्वॅब घ्या, परंतु डोक्याचा स्कॅन आधी करा’ असे म्हणण्याचा नातेवाइकांस पूर्ण अधिकार आहे.

तिसरा बदल नातेवाइकांचा. वॉर्डात सोबत राहण्यास मनाई होते, एकाच माणसाला दारापर्यंत येऊ देतात, संमतीच्या कागदावर सही करण्यास त्याच क्षणी जबाबदार माणूस हजर लागतो आणि नंतरची सर्व विचारपूस फोनवर होते. चौथा बदल, रुग्णाला लवकर घरी पाठवण्याचा कल वाढतो, त्यामुळे जी शुश्रूषा व व्यायाम रुग्णालयात व्हावयाचे, त्यांचा भार घरावर पडतो.

घड्याळ कोणासाठी थांबत नाही

पक्षाघाताच्या बहुसंख्य रुग्णांत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते, उरलेल्यांत ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. मोठी वाहिनी तुंबली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या मुदतीत द्यावे लागते, आणि त्या मुदतीतही जितके लवकर, तितके फलदायी. मोठी गुठळी असल्यास मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन ती ओढून काढण्याचा उपचार साधारणतः सहा तासांत, तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, पण ती सोय पुण्यासारख्या शहरातील मोठ्या रुग्णालयांतच असते. रक्तस्राव झालेल्या रुग्णास गुठळीचे औषध दिले तर ते प्राणघातक ठरते. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून सी.टी. स्कॅन झाल्यावाचून औषधाचा निर्णय कोणताही डॉक्टर घेऊ शकत नाही. सारांश, ज्या दवाखान्यात सी.टी. स्कॅन नाही, तेथे घालवलेला अर्धा तास हा बहुतेक वेळा वाया गेलेला अर्धा तास होय.

आता आपला हिशोब मांडून पाहावा. शिरूरपासून पुणे सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, दौंडपासून रेल्वेमार्गाने सुमारे ७५. नगर रस्त्यावर शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली येथील कोंडी किंवा सोलापूर रस्त्यावर हडपसरजवळची गर्दी धरली, तर रस्त्यावरच दीड-दोन तास जातात, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे याहून अधिक. रुग्णालयात शिरल्यापासून इंजेक्शनपर्यंतचे सर्व काम एका तासात उरकावे असे उत्तम केंद्रांचे ध्येय असते, साथीत तो तास लांबतो. म्हणजे साडेचार तासांपैकी घरी ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्यास फार तर काही मिनिटे उरतात. टाळेबंदीत रस्ते मोकळे होते हे खरे, पण नाके, परवाने आणि वाहनाचा शोध यांत तो लाभ निघून गेला.

लक्षणे ओळखावीत कशी

एकाएकी तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे किंवा असंबद्ध बोलणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाऊन चालता न येणे, पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, यांपैकी एक चिन्ह जरी अकस्मात उद्भवले तरी पक्षाघात समजून निघावे. रुग्णास हसण्यास सांगावे, दोन्ही हात समोर उचलून धरण्यास सांगावे, एखादे साधे वाक्य उच्चारण्यास सांगावे. या तपासणीस एक मिनिटही लागत नाही. काही वेळा लक्षणे दहा-वीस मिनिटांत आपोआप नाहीशी होतात. ‘गेले वारे, बरे झाले’ म्हणून घरात स्वस्थ बसण्याचा मोह साथीच्या काळात विशेष होतो, पण अशी ओसरलेली लक्षणे मोठ्या झटक्याचा पूर्वसंकेत असू शकतात आणि पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून त्याही रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. करोनासारख्या तापाने घरीच विलगीकरणात असलेल्या माणसाचे तोंड वाकडे झाले, तर ती अशक्तता नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिल्या काही मिनिटांत काय करावे

प्रथम घड्याळ पाहावे. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहावी. तो झोपेतून उठतानाच असा आढळला असेल, तर रात्री निजताना ठीक होता ती वेळ धरावी. मग १०८ क्रमांकास फोन करावा. २०१४ पासून राज्यात चालू असलेल्या या सेवेत वैद्यक जाणणारा कर्मचारी गाडीबरोबर असतो, हा तिचा मोठा लाभ. परंतु साथीत या गाड्यांवर दुहेरी भार येतो, म्हणून फोन केल्यावर लगेच गावातील दुसरे वाहनही तयार ठेवावे आणि रुग्णवाहिकेस फार उशीर लागणार असे कळले, तर त्या वाहनाने निघावे.

रुग्णास पाणी, चहा, गोळी यांपैकी काहीही तोंडावाटे देऊ नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असली तर घोट फुप्फुसात जातो व न्यूमोनिया होतो, आणि साथीच्या दिवसांत फुप्फुसाचा प्रत्येक आजार संशयास्पद ठरतो. ॲस्पिरिन घरून देऊ नये, रक्तदाब एकदम उतरवणारी जिभेखालची गोळी तर मुळीच देऊ नये. घरी यंत्र असल्यास रक्तातील साखर मोजून आकडा लिहून ठेवावा, साखर फार कमी झाल्यानेही पक्षाघातासारखी चिन्हे दिसतात. बेशुद्ध किंवा उलटी होत असलेल्या रुग्णास कुशीवर निजवावे, कवळी काढून ठेवावी. तेलाने चोळणे, कबुतराचे रक्त लावणे, अंगारा बांधणे, लकव्याच्या औषधासाठी परगावी नेणे या गोष्टींनी मेंदूतील गुठळी हलत नाही आणि वेळ मात्र जातो. श्रद्धेचा मान राखावयाचा असेल, तर तो रुग्ण दाखल झाल्यानंतरही राखता येतो.

कोठे न्यावे, याचा निर्णय त्या क्षणी नव्हे, आजच करावा. शिरूर व न्हावरे येथील ग्रामीण रुग्णालये, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, यवतचे ग्रामीण रुग्णालय ही आपली जवळची ठिकाणे. श्वास अडखळत असेल, झटके येत असतील किंवा रुग्ण पूर्ण बेशुद्ध असेल, तर प्रथम तेथे नेऊन प्राण सांभाळावा. अन्यथा, जेथे रात्रंदिवस सी.टी. स्कॅन चालते व गुठळीचे इंजेक्शन दिले जाते, असे ठिकाण गाठावे. शिरूरकरांस पुण्याइतकेच अहिल्यानगरही आवाक्यात आहे, सुमारे ५५ किलोमीटर. दौंडकरांनी बारामतीचाही विचार करावा, कारण तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी कोठे कोणती सोय रात्री दोन वाजताही मिळते, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या डॉक्टरांना विचारून दोन नावे पक्की करावीत, एक पुण्याच्या दिशेचे, एक दुसऱ्या दिशेचे. साथीत एक रस्ता बंद झाला वा एक रुग्णालय भरले, तर दुसरे नाव शोधण्यात तास जाऊ नये. निघताच त्या रुग्णालयास फोन करून ‘पक्षाघाताचा रुग्ण, वय इतके, लक्षणे अमुक वाजता सुरू, इतक्या वेळात पोहोचतो’ एवढे सांगितले, तरी स्कॅनची खोली तयार ठेवता येते.

दारात सांगावयाचे आणि दाखवावयाचे

ताप, खोकला, घरात कोणी बाधित असणे, यांतील काहीही लपवू नये. लपवले म्हणजे आत लवकर घेतील ही समजूत खोटी असून, नंतर उघडकीस आल्यावर सर्व काम पुन्हा करावे लागते. सोबत एकच माणूस जावा, पण तो निर्णय घेऊ शकणारा असावा, आणि त्याच्यापाशी चार्ज केलेला फोन असावा. आधार कार्ड, शिधापत्रिका, जुने कागद आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत बांधून ठेवावी. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती प्रथम सांगावी, कारण तिच्यावर इंजेक्शनचा निर्णय अवलंबून असतो. मागच्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया, डोक्यास मार किंवा रक्तस्राव झाला असल्यास तेही सांगावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२० च्या मे महिन्यात, साथीच्या काळातच, राज्यातील सर्व रहिवाशांस खुली करण्यात आली. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो, त्याला दाखल होतानाच भेटावे, बिल हाती आल्यावर नव्हे.

घरी आल्यानंतर, आणि झटका येऊच नये म्हणून

लवकर घरी आलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कुशी पालटून द्यावी, नाहीतर पाठीस जखमा होतात. लुळ्या हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो. गिळणे नीट होते की नाही हे डॉक्टरांनी पाहिल्यावाचून पातळ पदार्थ पाजू नयेत, आणि भरवताना रुग्णास सरळ बसवावे. हातापायांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घरच्यांनी दिवसातून अनेकदा करवावेत, पहिले तीन महिने यात फार मोलाचे असतात. एप्रिल २०२० पासून ई-संजीवनी या शासकीय सेवेतून फोनवरही डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. तो पुढील तपासणीसाठी घ्यावा, नव्या झटक्याच्या वेळी मात्र सल्ला विचारत न बसता निघावे.

टाळेबंदीत पक्षाघात झालेल्या अनेकांच्या मुळाशी बंद पडलेली रक्तदाबाची गोळी होती, हे कोणताही ग्रामीण डॉक्टर सांगेल. दुकान दूर, दवाखान्यात जाण्याची भीती, ‘आता बरे वाटते’ ही समजूत, यांतून गोळी सुटते आणि रक्तदाब मुकाट्याने चढतो. घरात निदान महिनाभराची औषधे शिल्लक असावीत, उपकेंद्रात किंवा आशाताईंमार्फत महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा, मधुमेह आटोक्यात ठेवावा, तंबाखू व मिश्री सोडावी.

ग्रामपंचायतींनीही यात आपला वाटा उचलावा. रक्तदाबाच्या व पूर्वी झटका येऊन गेलेल्या रुग्णांची यादी, रात्री वाहन देणाऱ्या तीन-चार जणांची नावे आणि वेशीवर अडथळा घातलाच तर तो रुग्णाच्या गाडीसाठी तत्काळ दूर करणारा माणूस, एवढी व्यवस्था सरपंच व पोलीस पाटील यांनी शांततेच्या दिवसांतच करून ठेवावी, कारण साथीच्या धांदलीत ती होत नाही.

वाचकांस शेवटची विनंती इतकीच की, हा लेख बाजूला ठेवण्यापूर्वी एका कागदावर दोन रुग्णालयांची नावे व फोन क्रमांक, १०८, वाहन देणाऱ्या शेजाऱ्याचा क्रमांक आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी लिहून तो दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा, आणि घरातील सर्वांना, शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा, तो एकदा वाचून दाखवावा.